घेर

लग्नसराईच्या ऐन दिवसांत, एका सकाळी, तासगावच्या दिनकर वाजंत्र्यांच्या पँटचे दोन्ही पाय एक झाले. बँडमास्तरांची पांढरी पँट, आदल्या दिवशी इस्त्री करून खुंटीला अडकवलेली. पायांत चढवेपर्यंत ती पँटच होती. कमरेचं बटण लावलं आणि खाली घोळदार घागरा झाला. त्यांनी दुसरी घातली. तिचंही तेच झालं.

बायको हौसाबाई कात्री घेऊन बसली. कापड उलटसुलट करून पाहिलं आणि तिनं कात्री खाली ठेवली.

"शिवणच नाही कुठं. उसवू काय?"

"मग मी असा जाऊ?"

"लुंगी गुंडाळून चौकातनं दूध आणता की. तेव्हा कोण काय म्हणतं?"

वरातीची सुपारी घेतलेली होती, नाही म्हणायची सोय नव्हती. मास्तर क्लॅरिनेट घेऊन तसेच निघाले. चालताना त्यांना सुदीप आठवत होता. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हा मुलगा तालमीला काळा स्कर्ट घालून आला होता. साइड ड्रम झकास वाजवायचा. मास्तरांनी अकरा माणसांदेखत त्याच्या हातातल्या काड्या काढून घेतल्या. म्हणाले, "बायकी थेरं माझ्या बँडात चालायची नाहीत." त्याच दिवशी तो कोल्हापूरला निघून गेला. आईला फोन करायचा, त्यांना नाही.

बँडातल्या माणसांनी मास्तरांकडे पाहिलं आणि नजरा वळवल्या. ढोलवाला बाबू मुल्ला तेवढा म्हणाला, "मास्तर, वारा बरा लागत असेल."

पहिलं गाणं संपलं तेव्हा घेर हातभर वाढला होता. दुसऱ्याला आणखी हातभर. मास्तरांना चालणं सोपं जात होतं. पोट मोकळं झालं होतं, श्वास पार खालून येत होता. त्यांना आनंद झाला, आणि मग त्या आनंदाचीच भीती वाटली.

नवरदेवाचे मामा पुढे आले. "मास्तर, हा काय अवतार?" एवढं म्हणेपर्यंत त्यांच्याही पँटचे पाय जुळले. मामांनी खाली पाहिलं, रुमालानं मान पुसली.

"वाजवा," ते म्हणाले. "मुहूर्त टळेल."

मग एकेकाचं होत गेलं. घोड्यावरच्या नवरदेवाला दोन्ही पाय एका अंगाला घेऊन बसावं लागलं. बायका सरकून जागा देत होत्या, घोळ कसा उचलायचा ते पुरुषांना दाखवत होत्या. कुणी हसलं नाही.

गल्ली मात्र अरुंद होत चालली. मास्तरांचं कापड दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांना टेकलं. मांडव मघाएवढाच लांब दिसत होता. मास्तरांनी हात वर करून बँड थांबवला आणि फोन लावला.

"सुदीप, आबा बोलतोय."

"आईनं सांगितलं मला."

"इथं कुणी हसत नाही रे."

"तुम्हीही हसला नव्हता, आबा. काड्या काढून घेतल्या होत्या."

मास्तरांनी क्लॅरिनेट काखेत धरलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. येतोस?"

"आलोय. समोर बघा."

गल्लीच्या टोकाला सुदीप उभा होता. अंगात खाकी, कडक पँट.

"त्या दिवसापासनं हीच घालतोय," त्याचा आवाज फोनमधूनच येत होता. "आता निघत नाही. गुडघेपण वाकत नाहीत."

पँटचे दोन्ही पाय सिमेंटच्या खांबांसारखे रस्त्यात रुतले होते. अख्ख्या वरातीत दोन वेगळे पाय असलेला तो एकटाच पुरुष होता.

मास्तरांनी पाऊल टाकलं, पण एवढं कापड ओढवेना. तेव्हा त्यांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि एकच सूर धरला. बाबूचा ढोल गप्प होता. सूर लांबत गेला तसं पांढरं कापड घोड्याच्या पायांमधून, मामांना वळसा घालून, सुदीपच्या बुटांपाशी जाऊन पोचलं. त्याला वाकता येत नव्हतं. दोन बायकांनी काठ उचलून त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही मुठींत धरला आणि बापाकडे बघत राहिला.

मास्तरांची छाती रिकामी होत आली होती, आणि सुदीपनं अजून पाऊल उचललं नव्हतं.