तिवराच्या दोन फांद्या

मित्रांनो, डहाणूच्या खाडीत अर्धी रुतलेली जी फळी दिसते, जिला तुम्ही येता-जाता दगड मारता, ती मीच. मी एक जुनी स्की आहे. बर्फावर उतरणाऱ्या छोट्या विमानाला चाकांच्या जागी आमची लाकडी जोडी बसवीत.

दूरच्या थंड देशात गोठलेल्या तळ्यांवर मी धावले. ते पांढरे सौंदर्य कपटी होते. कोवळ्या हिमाखाली पाणी दबा धरून बसे. ओढ्याच्या मुखाशी बर्फ कागदासारखा पातळ असे. त्याहून मोठे भय थांबण्याचे. धावून ओली झालेली स्की उभी राहताच तळ्याला चिकटून गोठे. म्हणून जाणते वैमानिक आमच्याखाली झाडाच्या फांद्या अंथरीत. एका उतावळ्याने त्या अंथरल्या नाहीत. निघताना त्याने इंजिनाचा सगळा जोर लावला. माझी जोडीदारीण सुटली, मी सुटले नाही. विमान गर्रकन फिरले, पंख मोडला, तो मेला. दोष मात्र माझ्यावर आला.

भंगारातून फिरत १९५८ साली मी मुंबईच्या गोदीत पोचले. तेथून सदानंद नावाच्या मच्छीमाराने मला डहाणूला आणले. इतर मच्छीमार साध्या फळीवरून जात, तसा ओहोटीला माझ्यावर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल रेटीत तो जाळ्यापर्यंत जाई.

त्याचा थोरला भाऊ चंदर हसला. "विमान आणलंस होय रे? पंख कुठं विकलेस?"

"तुझ्या डोळ्यात खुपतंय ना, दादा? खुपू दे."

तेव्हापासून त्यांचे बोलणे तुटले.

सदानंदची बायको मालू रोज बजावी, "थांबशील तिथं फळीखाली खाडीकाठच्या तिवराच्या फांद्या घाल."

"चिखल काय मला नवा आहे?"

एका ओहोटीला जाळे मासळीने जड झाले होते. सदानंद खाली उतरून ती सोडवीत राहिला आणि चिखलाने मला धरले. पाणी भरतीला लागले, तेव्हा मांडीपर्यंत रुतलेला तो मला उपसू लागला. तोच आंधळा जोर! मला ते तळे आठवले.

काठावर मालू किंचाळली. चंदर आपल्या फळीवरून आला.

"सोड ते विमान, गाढवा!"

"माझी फळी आहे ती!"

"मग मालूला काय सांगू? लाकडापायी बुडाला म्हणून?"

सदानंदची बोटे माझ्यावरून सुटली. चंदरने त्याला मानगूट धरून ओढून घेतले. काठाला लागताच दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, "फळीच अवलक्षणी!"

मित्रांनो, मला उपसू नका. एवढी उशिराची माया मला सोसवणार नाही. पण जिथे थांबाल, तिथल्या जमिनीवर विसंबू नका. मालू आता नवऱ्याच्या नव्या फळीला तिवराच्या दोन ओल्या फांद्या रोज बांधून देते. त्या माझ्यासमोरून जातात. माझ्याखाली मात्र त्या कुणी घातल्या नाहीत.