हिरवा पट्टा

सोराइदाने फाटक ढकललं तेव्हा बेल्किस परसात चुलीपाशी बसून फुंकर घालत होती.

"ये गं बाई, बघ माझेही हाल! पायाखाली तेलाचा समुद्र आणि आपण फुंकतोय सरपण. शत्रूंनी नाकेबंदीच केलीय, सरकार तरी काय करणार?"

बेल्किस गल्लीची प्रमुख. सरकारी स्वस्त गॅसचे रिकामे सिलिंडर तीच गोळा करायची आणि भरून आले की यादी बघून तीच वाटायची. आपला आपल्यालाच परत मिळावा म्हणून प्रत्येक घराने सिलिंडरला आपला रंग दिला होता. सोराइदाचा लाल पट्टा, शेजारच्या ओफेलियाचा हिरवा. सात आठवडे झाले, दोघींचेही परतले नव्हते.

"ताई, एल्पिदिओला धूर सोसत नाही," सोराइदा नवऱ्याबद्दल म्हणाली. " दोन शब्द बोलला तरी धाप लागते."

"बावीस वर्षं तेल उपसलं त्याने, मला का माहीत नाही? तेल जनतेचं झालं तेव्हा केवढा नाचला होता! गाडी आली की बघते. कॉफी तर घे."

बेल्किस आत गेली आणि बघता बघता उकळती कॉफी घेऊन आली. पातेलं तिने चुलीशेजारच्या दगडावर ठेवलं. ठेवताना सोराइदाची नजर त्याच्या बुडावर गेली. लख्ख! तिच्या घरची भांडी राख लावून घासली तरी काळी ती काळीच राहत होती.

पाणी कुठे मुरतंय ते तिला कळलं. कॉफी त्या बाईच्या तोंडावर फेकावी असा संताप आला. पण यादी बेल्किसच्या हातात होती आणि एल्पिदिओचा श्वास त्या यादीत.

"बेल्किसताई, आहात का?" फाटकातून ओफेलियाचा आवाज आला.

सोराइदाने चुलीच्या दगडावरची काजळी बोटांनी खरवडली, पातेल्याच्या बुडाला सगळीकडे फासली आणि पातेलं चुलीवर ठेवलं. बेल्किस नुसती बघत राहिली.

ओफेलिया आत आली. तिने चूल पाहिली, काळं पातेलं पाहिलं आणि हताश होऊन उंबऱ्यावरच बसली.

"म्हणजे तुमच्याकडेही नाहीच."

"कुणाकडेच नाही गं," सोराइदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराशी भरलेला सिलिंडर होता. त्यावर हिरवा पट्टा होता.

तिने शेजारच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं, सिलिंडर पटकन आत ओढला आणि कडी लावली.

"एल्पिदिओ," ती हळूच म्हणाली, "तो लाल रंगाचा डबा कुठे ठेवलायस रे?"