संध्याकाळच्या रकान्यातलं शून्य

चारुता बोरगाव मेघेच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागली, तेव्हापासून दर महिन्याचा अहवाल तीच लिहायची. पुरुष इतके, बाया इतक्या, मुलं इतकी, सकाळी इतके वाचक, संध्याकाळी इतके. कार्यकारिणी तो ऐकायची, चहा प्यायची आणि मंजूर करायची. अध्यक्ष रूपरावकाका तर डोळे मिटूनच ऐकत.

या वेळी तिनं त्याच नोंदवहीवरून क्रॉसटॅब कोष्टक केलं. उभ्या बाजूला पुरुष, बाया, मुलं. आडव्या बाजूला सकाळ, दुपार, संध्याकाळ. कोण केव्हा येतं, ते आता एका नजरेत दिसत होतं. कागद हातात पडताच रूपरावकाकांनी चष्मा लावला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"पोरी, इथं शून्य काऊन? टाइप करताना चुकलं काय?"

"नाही काका. संध्याकाळी एकही बाई येत नाही."

"मागच्या अहवालात तं बाया वाढल्या म्हणून लिवलं होतं!"

"वाढल्याच. पण सगळ्या दुपारच्या. नुसत्या बेरजेत ते कळत नव्हतं."

"मंग संध्याकाळी काय होते त्याईले?"

चारुता घुटमळली. संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर काकांचीच मंडळी पत्ते खेळत बसायची. पायऱ्यांवर पाय पसरलेले, मोठमोठ्यानं हसणं. त्यातून वाट काढत आत येणं बायांच्या जिवावर यायचं. हळू आवाजात का होईना, तिनं ते सगळं सांगून टाकलं.

काकांचे कान लाल झाले. मग ते एकदम हसले.

"म्हणजे हे शून्य आमचंच हाय! आमच्या घरची म्हणे, मले नाई जमत तिकडं. मले वाटलं, वाचाचा कंटाळा आला असंन तिले."

दुसऱ्याच दिवशी काकांनी स्वतः सतरंजी उचलली आणि डाव मागच्या कडुनिंबाखाली नेला.

"तिथं मच्छर चावते ना भाऊ," पत्त्यांतला भिडू मोतीलाल कुरकुरला.

"चावू दे."

काही दिवस कोणी आलं नाही. चारुता दाराकडे बघत राहायची. मग एका संध्याकाळी काकांच्या पत्नी आनंदाबाई शेजारच्या मंजुषाला घेऊन आल्या आणि पंख्याखालची जागा धरून बसल्या. त्यांच्या मागं आणखी काही जणी येऊ लागल्या. चारुताला आतल्या खोलीतून बाक काढावा लागला.

आता बंद करायची वेळ झाली की काका खिडकीतून हाक मारतात, "चाल ना वं, भूक लागली."

"थांबा जरासं, हे पान होऊ द्या," आनंदाबाई मान वर न करता म्हणतात.

चारुता कुलूप टेबलावर ठेवते आणि आपलंही पुस्तक उघडते.