पाळण्याखालचा निळा दिवा

मित्रांनो, आक-जारच्या दवाखान्यात कोळशाच्या खोलीत एका मोडक्या खुर्चीवर जुना दिवा पडलेला दिसला, तर तो मी. तसा मी फार जुना नाही, पण यंत्रांना म्हातारपण लवकर येते. माझ्या अंगावर निळ्या बारीक दिव्यांच्या रांगा आहेत. त्यातली एक रांग आता पेटत नाही. तरी कोणी बटण दाबले, तर मी अजून उजळतो.

माझा जन्म राजधानीत, बिश्केकला झाला. नुर्झात आणि एल्दार या विद्यापीठात शिकणाऱ्या दोघांनी मला घडवले. जन्मल्यावर पुष्कळ बाळे पिवळी पडतात. बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते. काहींची मात्र वाढत जाते आणि मेंदूपर्यंत, कानांपर्यंत पोचते. उघड्या अंगावर निळा उजेड पडत राहिला की ती ओसरते. असा उजेड देणारी यंत्रे शहरात होती, पण ती महाग, नाजूक, आणि वीज गेली की गप्प बसणारी. म्हणून या दोघांनी मला भट्टीतला पत्र्याचा ट्रे आणि जुन्या संगणकाचा पंखा यांतून जोडले. मोटारीच्या बॅटरीवरही मी चालत असे. एल्दार म्हणायचा, आजार नसेल तेव्हा याच्यावर सामोशासारखे समसे भाजू. मग नुर्झात त्याच्यावर पक्कड उगारायची.

मला तपासायला माझ्याखाली एक रबरी बाहुली ठेवत. उघडी, शहाणी, कधी न रडणारी. तिच्यासकट मला प्रदर्शनात मांडले, माझे कौतुक झाले, माझ्या दांड्याला लाल फीत बांधली गेली. मीही जरा फुगलो. त्या बाहुलीला आजी नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही.

थंडीच्या दिवसांत नुर्झात मला शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन खिंडीपलीकडच्या आक-जारला आली. तिथे डॉक्टर नव्हते. दामिरा नावाची नर्स सगळे बघायची. नुर्झात तिला एजे, म्हणजे ताई म्हणायची. आम्ही पोचलो आणि मागे बर्फाने खिंड बंद झाली.

त्याच आठवड्यात गावातल्या गुलझादची नुकतीच जन्मलेली मुलगी पिवळी पडली. आधी नाक, मग छाती, मग गुडघे. ती दूध ओढायचेच विसरून गेली होती. छातीशी धरले की दोन घोट घ्यायची आणि झोपून जायची. गुलझादचा सदरा दुधाने भिजायचा, आणि ती बाळाच्या तळव्यांना हळूहळू गुदगुल्या करत राहायची. ऊठ ना, एवढेच म्हणायची. दामिराने गुलझादला बाजूला घेऊन सांगितले, तळव्यांपर्यंत पिवळेपणा उतरला तर मोठ्या इस्पितळात न्यावेच लागेल, नाहीतर बाळाचा जीव जाईल किंवा ते बहिरे होईल. त्यानंतर दोघीही खिडकीतून खिंडीकडे बघत राहिल्या.

मला दांड्यावर चढवले. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. मी पेटलो. माझ्या उजेडात पहिल्यांदाच एक छाती वरखाली होत होती. मित्रांनो, ती किती लहान होती, कसे सांगू?

पण दुसऱ्या दिवशी दामिराने बाळाच्या अंगावर बोट दाबून पाहिले, तर पिवळेपणा पोटऱ्यांवर आलेला. नुर्झातने माझ्या तारा तपासल्या, बॅटरी बदलली, मला आणखी खाली आणले. माझ्यात काही बिघाड नव्हता. काय चुकते आहे ते मला दिसत होते, पण मला तोंड नव्हते.

बाळापाशी गुलझादची सासू बाताय आपा बसायच्या. आपा म्हणजे आई. आमच्याकडे चाळीस दिवस बाळ कोणाच्या नजरेस पडू देत नाहीत. बाताय आपांचे तर आदल्या वर्षीचे नातवंड त्या चाळीस दिवसांतच गेले होते. म्हणून नुर्झात आणि दामिरा चहाला किंवा झोपायला गेल्या आणि गुलझादचा डोळा लागला की आपा उठायच्या आणि फुलाफुलांची जाड रजई बाळावर ओढायच्या. पावले वाजली की काढून घ्यायच्या. मी तासन्‌तास त्या रजईलाच बरे करत होतो.

एकदा नुर्झात चष्मा विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली, आणि दारातच थांबली.

बाताय आपांनी रजई काढली नाही. उलट त्याच आधी बोलल्या. "पोरी, सोललेल्या कोकरासारखं ठेवलंयस हिला. मागचं असंच गेलं. जो आला तो बघून गेला."

"आपा, झाकलं की उजेड पोचत नाही. रात्रंदिवस हा दिवा फुकट जळतोय."

"मग दे की उजेड. मी कुठं नको म्हणते? पण माझ्या बाळाला उघडं टाकणार नाही. तुझ्या आईनं तुला टाकलं होतं का?"

नुर्झातची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथे आपांनी घरून आणून ठेवलेला बेशिक होता. बेशिक म्हणजे आमच्याकडचा लाकडी पाळणा. त्यात बाळाला पट्ट्यांनी बांधतात आणि वरून झाकतात. त्याच्या तळाला भोक असते, खाली मडके असते, म्हणजे बाळ कोरडे राहते. धाकट्या भावाच्या बेशिकखालचे ते मडके नुर्झातने लहानपणी रोज रिकामे केले होते. बेशिक खालून उघडा असतो हे तिला चांगले ठाऊक होते. विद्यापीठात जाताना मात्र ही गोष्ट ती घरीच ठेवून गेली होती.

"आपा," ती म्हणाली, "मी खालून उजेड दिला तर?"

नाळ गळण्याआधी बाळाला बेशिकमध्ये घालत नाहीत. आपांनी आपला तो नियम सोडला. नुर्झातने मला दांड्यावरून उतरवले, लाल फीतही काढून टाकली. बेशिकच्या तळाच्या फळ्या निघाल्या. त्या जागी दवाखान्याच्या खिडकीचा जाळीदार पडदा ताणून बांधला. खाली मी, तोंड वर करून. बाळाला नुसता लंगोट, पाठ माझ्याकडे उघडी, पुढून पट्ट्या, वरून रजई, आणि रजईखाली डोळ्यांवर तीच पट्टी. उजेड आतल्या आत परतवायला रजईला आतून एखादे पांढरे कापड हवे, असे नुर्झात म्हणाली. दामिरा चादर शोधायला गेली. ती येईपर्यंत बाताय आपांनी डोक्याचा पांढरा रुमाल सोडून पुढे केला होता. त्यांच्या सुनेनेही त्यांचे केस तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मग आपांनी धुपासारखी जुनिपर झुडपाची फांदी पेटवून धूर पाळण्याभोवती फिरवला. माझ्या तारांभोवतीही फिरवला. दामिरा म्हणाली, आता याला कोणाची दृष्ट लागायची नाही, फ्यूजसुद्धा उडायचा नाही. बाळाला आत ठेवताना आपा पुटपुटल्या, "हा माझा हात नव्हे, उमाई आईचा हात आहे." उमाई आई म्हणजे बाळांना जपणारी देवी; अशा वेळी आमच्या आज्या हेच म्हणत आल्या आहेत.

मी पेटलो. बाहेरून नुसता झाकलेला पाळणा दिसत होता. बाताय आपा पहिल्यांदाच शांतपणे चहा प्यायल्या.

त्या दिवसांत तासातासाने गुलझाद बाळाला छातीशी घ्यायची आणि परत ठेवायची. तळव्यांवर बोट दाबले जायचे, आणि सगळे दामिराच्या तोंडाकडे बघायचे. आणि एका सकाळी बाळ आपणहून जागे झाले. भुकेने रागावून, तोंड लाल करून रडले. गुलझादही रडली, आणि रडतरडत दूध पाजू लागली. बर्फ हटल्यावर मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि आता धोका नाही म्हणाले. बाळाचे नाव तोक्तोकान ठेवले. त्यात थांब, राहा असा अर्थ आहे.

पुढे नुर्झात आणि एल्दारने तळाशी दिवा बसवलेले कितीतरी बेशिक गावोगावी पाठवले. आक-जारलाही नवा आला आणि मी कोळशाच्या खोलीत गेलो. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की एक तार उंदराने कुरतडली आणि कोणी जोडली नाही. मित्रांनो, तेवढी तार जोडा. मी अजून एखाद्या बाळाच्या उपयोगी पडेन. आणि मोठेपणी तुम्ही कोणासाठी काही घडवलेत, तर नुसत्या बाहुलीवर तपासू नका. त्या माणसाच्या उशाशी जी बसते, तिच्यापाशी आधी जाऊन बसा.

परवा एक शाळकरी मुलगी कोळसा न्यायला आली. तिने बाहीने माझ्यावरची धूळ पुसली आणि बटण दाबले. तिचे हात निळे झाले. तळवे उलटेसुलटे करून ती ते बघत राहिली.

तेवढ्यात अंगणातून गुलझादने हाक मारली, "तोक्तोकान..."

अगदी हळू हाक होती, मित्रांनो. पोरीने लगेच मान वळवली.