सात पिढ्यांत नसलेली मावशी

अकमारालला अंधुक उजेडात दिसायचं आणि भर उन्हात दिसायचं नाही. नारिन शहरातल्या दोन डॉक्टरांनी पोरगी नाटकं करते असं ठरवून टाकलं. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, डोळ्यांचा आतला पडदा तपासला तर ठणठणीत दिसत होता. तिसऱ्यानं मात्र ‘ही हळूहळू आंधळी होणार’ असं सांगून आईबापांची झोप उडवली. म्हणून दोघं तिला घेऊन बिश्केकला डॉक्टर सायराकडे आली होती.

लहान मुलांचे दुर्मीळ नेत्रविकार म्हणजे सायराच्या जिव्हाळ्याचा विषय. तिनं आधी खिडकी झाकली. आठ वर्षांच्या अकमारालचे किलकिले डोळे टक्क उघडले.

“शाब्बास.” सायरानं रंगीत लोकरीचे गुंडे तिच्यापुढे ठेवले. “आता यातली लाल लोकर दे बघू.”

मुलगी गुंड्यांकडे बघत राहिली. “ही कशाची आहे ते आधी सांगा.”

“म्हणजे?”

“गवत असलं तर हिरवं, रक्त असलं तर लाल. कशाचं ते कळल्याशिवाय रंग कसा सांगणार?”

तिचा बाप तुर्गुनबेक चाटच पडला. इतकी वर्षं पोरगी त्याच्याशी रंगांच्या गप्पा मारत होती, त्या सगळ्या पाठांतरावर!

सायराला आता राहवेना. तिनं यंत्र लावून पडद्यातली वीज मोजली. अंधारात बघणाऱ्या पेशी उत्तम चालू होत्या, रंग बघणाऱ्या साफ गप्प. असे आजार दोन, दोन्ही आई आणि बाप दोघांच्याही रक्तातून येणारे. एकात नजर जन्मभर आहे तशी राहते, दुसऱ्यात घसरत जाते, आणि या वयात दोन्ही सारखेच दिसू शकतात. रक्त तपासणीला परदेशी पाठवलं तरी उत्तर यायला महिने लागणार. तोवर घराण्यात असेच डोळे असलेलं वयानं मोठं कुणी सापडतंय का आणि त्याची नजर टिकली का, एवढंच बघता येत होतं.

“तुम्ही दोघं नात्यातले का?”

तुर्गुनबेकचा पारा चढला. “एजे, ताई म्हणतो तुम्हाला, पण आम्ही किर्गिझ आहोत! सात पिढ्यांत सोयरीक करतो का आम्ही?” आणि त्यानं बापापासून सुरुवात करून सात नावं धडाधड म्हणून दाखवली. बायको अनारा कशाला मागे राहते? तिनंही आपली सात म्हटली. एकही नाव जुळेना.

सायरा बुचकळ्यात पडली. मग एकदम तिच्या ध्यानात आलं की चौदाच्या चौदा पुरुष होते. तिलाही स्वतःचे सात पाठ होते, पण आईच्या आजीचं नाव माहीत नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

“तुमच्या आया कोण?”

“सख्ख्या बहिणी,” अनारा सहज म्हणाली. “पण ते कुठं धरतात?”

“मी धरते. त्या बहिणींत कुणाचे डोळे असे?”

नवराबायको एकमेकांकडे बघून हसायला लागली. “उलजान मावशी! एक नंबरची आळशी. गुरं राखायची वेळ आली की हिचे डोळे दुखणार. दुपारभर तंबूत लोळते, आणि संध्याकाळ झाली की...” अनारा बोलता बोलता थांबली. तिचं हसू मावळलं.

सायरानं लगेच फोन लावायला सांगितला.

“अपा,” सायरानं थोरल्या बाईला मानानं हाक मारतात तशी मारली, “लहानपणापेक्षा आता कमी दिसतं का हो?”

“कमी कशाला?” सत्तरीची उलजान फणकारली. “दुपारी तेव्हाही दिसत नव्हतं, आताही नाही. काल तिन्हीसांजेला हरवलेलं शिंगरू कुणी शोधलं, विचार यांना!”

सायरानं मोठा श्वास सोडला. “रक्ताचा अहवाल येऊ दे. पण माझ्या मते पोरगी आंधळी होणार नाही. गडद चष्मा देते, उन्हात तो घालून शाळेत जाऊ दे.”

अनारानं लेकीला कवटाळलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

फोन चालूच होता. “म्हणजे हा आजार आहे?” उलजाननं विचारलं.

“हो, अपा. जन्मापासूनचा. तुम्हालाही तोच असणार.”

 मावशी म्हणाली, “जरा मोठ्यानं सांग गं, लेकी. इथं सगळे बसलेत.”