चांदीच्या डोळ्यांचा मुखवटा

मित्रांनो, दचकू नका! लंडनमधल्या स्टॅनमोरच्या या दिवाणखान्यात तुमच्याशी बोलतोय तो मी, भिंतीवरचा लाकडी मुखवटा. सीडरचा आहे, अस्सल. आता मुकाट्याने ऐका.

२००६ साली साउथहॅम्प्टनहून निघालेल्या क्रूझवर माझा जन्म झाला. त्या दिवशी बंदर नव्हतं, चहूकडे नुसतं पाणी. डेकवर जोसेफ नावाचा कॅनडाचा म्हातारा आदिवासी कारागीर लाकूड कोरत बसला होता. फोटो काढून सगळे जेवायला पळाले. सुप्रभाबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांचे यजमान कमलाकर दोनदा येऊन गेले, "अगं, लंच संपेल ना!"

संध्याकाळी जोसेफ म्हणाला, "हा माझा भाऊ. समुद्रात बुडाला. आमच्या घरात बुडालेल्या माणसाचे डोळे मिटलेलेच कोरतात. त्याला झोप लागावी म्हणून."

बाईंच्या डोळ्यांना धारच लागली. त्यांचा धाकटा भाऊ अवधूतही कोकणात असाच बुडाला होता. ते कळल्यावर जोसेफने मला त्यांच्या हातात ठेवलं.

घरी माझं केवढं कौतुक झालं! दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळणाऱ्या बाईंनी त्या वर्षी मला ओवाळलं. इथवर ठीक होतं हो. पण मग त्यांनी काय करावं? पुण्याहून आणलेले देवीचे चांदीचे डोळे मेणाने माझ्या पापण्यांवर बसवले!

"अगं, जोसेफ काय म्हणाला होता?" कमलाकर कळवळले.

"अहो, एकदाच बघू दे त्याला माझ्याकडे."

झोप उडाली ती उडालीच. तीन वर्षं झाली. कानात लाटा, तोंडात खारट पाणी. माझ्यामागचा वॉलपेपर भिजतो. कमलाकरांनी तीनदा प्लंबर बोलावला, पण त्या भिंतीत पाइपच नाही.

बाई रोज समोर बसतात. "अवधूत, ओळखलंस का रे?" माझा जीव तुटतो. पण कसं ओळखणार? मी जोसेफचा भाऊ. दाराकडे बघत मी त्याचीच वाट पाहतो.

आज बाई हळूच म्हणाल्या, "तू माझ्याकडे बघतच नाहीस." आता उठल्या आहेत. त्यांचं नख माझ्या डाव्या डोळ्याच्या मेणाला लागलंय, पण हात पुढे होत नाही.

मित्रांनो, कुणी मायेने मिटलेले डोळे मायेपोटीसुद्धा उघडू नयेत. सांगा ना बाईंना, काढा म्हणावं. तुमचा अवधूत केव्हाच शांत झोपलाय. मलाही झोपू द्या.