दाराचं माप

उभा जन्म ट्रक चालवून अंबाजीनं गाडी पोराच्या, धनेशच्या, हाती दिली आणि चौलला मृणालच्या तैलरंगाच्या वर्गात नाव घातलं. वर्ग म्हणजे तिच्या घराची ओटी. मृणाल त्याच्या लेकीच्या वयाची. ती त्याला काका म्हणे, तो तिला बाई.

नक्कल करायला तिनं एक छापील चित्र दिलं होतं. खोलीत निळं कापड घातलेलं टेबल, रिकामी खुर्ची, मागे उघडं दार आणि दारापलीकडे उन्हातली बाग. आधी खोलीतला अंधार पातळ रंगात बसवायचा, बागेचा उजेड सगळ्यात शेवटी, असं तिनं बजावलं होतं.

टेबल झालं, खुर्ची झाली. त्या रविवारी दार घ्यायचं होतं. अंबाजीनं हात लांब करून ब्रश उभा धरला, माप घ्यायला डावा डोळा मिटला, आणि बाग गेली.

दाराचा उंबरठा दिसत होता, पण त्याच्या वर काळा पडदा होता. नजर वर नेली तर पडदाही वर सरकला. त्याला वाटलं, दिवे गेले. दोन्ही डोळे उघडले, बाग जागेवर. उजवा मिटला, तरी जागेवर. पुन्हा डावा मिटला, पुन्हा पडदा.

गेले काही दिवस उजव्या डोळ्याच्या कडेला ठिणग्या उडत होत्या, काजळीसारखे कण तरंगत होते. टर्पेंटाइनच्या वासानं होत असेल म्हणून तो बायकोलाही बोलला नव्हता. त्याचा बाप शेवटी शेवटी भिंत चाचपत परसात जायचा. ते त्याला आठवलं. तो रंग कालवत बसला. बोललं नाही तर कदाचित आपोआप जाईल.

मृणाल मागे येऊन उभी राहिली. दार अजून का घेतलं नाही, असं तिनं विचारलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "उजव्या डोल्यानं मला बाग दिसत न्हाय."

तिनं गडबड केली नाही. अलिबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. आत्ताच्या आत्ता आणा, त्यांना गाडी चालवू देऊ नका, असं ते म्हणाले. तिनं त्याच्या मोटारसायकलची चावी काढून घेतली आणि रिक्षा बोलावली.

रस्त्यात खड्डा आला की अंबाजी दोन्ही हातांनी डोकं धरायचा, जसं काही आतलं सांडेल. मध्येच डावा डोळा मिटून बघायचा. आधी रिक्षावाल्याचं डोकं दिसत नव्हतं. नागावच्या पुढे खांदेही दिसेनात. मग त्यानं बघायचंच सोडलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या मागचा पडदा सुटतोय. मधला भाग अजून वाचलाय, पण ऑपरेशन लांबलं तर नजर कायमची जाईल. त्याची बायको कमळ आणि धनेश गाडी घेऊन आले, आणि तसेच सगळे ऑपरेशनसाठी पनवेलला निघाले.

"मला का न्हाय सांगितलंव?" कमळनं विचारलं.

"सांगितलं असतं तं खरं झालं असतं."

तिनं त्याचा हात धरला तो पनवेलपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशननंतर त्याला कितीतरी दिवस पालथं झोपावं लागलं. आवंढा गिळायचीही धास्ती वाटे. पट्टी निघाली तेव्हा सगळं पाण्याखालून बघावं तसं हलत होतं. डोळ्यात भरलेला वायू हळूहळू विरेल, असं डॉक्टर म्हणाले. तो विरला आणि नजर आली, पण सरळ रेघ आता जराशी वाकडी दिसते. दुसऱ्या डोळ्यावरही लक्ष ठेवायला सांगितलंय.

भीती मात्र गेली नाही. झोपेतून उठला तरी डोळे उघडायला तो वेळ लावतो. वर्गाला पुन्हा जायला लागलाय, पण एकटा नाही. कमळ शेजारी बसते. तेलाच्या वासानं तिचं डोकं दुखतं, तसं ती दर वेळी म्हणते, आणि वर्ग सुटेपर्यंत जागची हलत नाही.